सावलीतून दूरच्या यंत्राला हुकूम

संगणकावर प्रोग्रामिंग शिकायचे तर तीन गोष्टी लागतात, असे आमच्या भागात धरून चालतात. महागडा लॅपटॉप, वेगवान इंटरनेट आणि पुण्यात किंवा हैदराबादेत भाड्याची खोली. या तिन्ही नसतील तर पोलीस भरतीचा फॉर्म भरावा, तेही जमले नाही तर मिरची तोडायला तेलंगणाचा रस्ता आहेच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली तालुक्यात, वैनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्या कितीतरी घरांनी मुलांच्या बाबतीत हा हिशेब मांडून ठेवला आहे. आमच्या मोहल्ल्यातही तो आहे आणि शेजारच्या वस्तीतही आहे. गरिबीचा हिशेब धर्म बघून बदलत नाही.

हा हिशेब चुकीच्या इतिहासावर उभा आहे, असे माझे म्हणणे आहे. समोर यंत्र नाही, ते शेकडो मैल लांब आहे, मधली तार बारीक आहे, आणि तरीही अक्षरांत चार शब्द लिहून त्या यंत्राकडून काम करून घ्यायचे, ही पद्धत श्रीमंतांच्या चैनीतून आलेली नाही. ती टंचाईतून जन्मली. जगातल्या मोठ्या प्रयोगशाळाही एकेकाळी आजच्या सावलीइतक्याच अडचणीत होत्या. त्यांनी त्या अडचणीत जी हत्यारे घडवली, ती आज साध्या मोबाइलवर चालतात. म्हणून हा इतिहास आपल्या मुलामुलींना सांगायला हवा.

हुकूम दूर कसा पोहोचतो

मराठीत आपण ‘हुकूम’ म्हणतो तो शब्द अरबीतून आला. अर्ज, नक्कल, तालुका, जिल्हा हेही अरबीतून, आणि दप्तर फारसीतून. राज्यकारभार लांबून चालवायचा तर हुकूम लिहावा लागतो, तो न बिघडता पोहोचवावा लागतो आणि त्याचे उत्तर परत आणावे लागते. अब्बासी खिलाफतीत या कामासाठी ‘बरीद’ नावाची टपाल यंत्रणा होती. दिल्लीच्या सुलतानांनी ती हिंदुस्थानात चालवली. १३३३ मध्ये सिंधमध्ये उतरलेल्या इब्न बतूताने तिचे वर्णन करून ठेवले आहे. घोड्यांची टपाल वेगळी आणि पायी धावणाऱ्यांची वेगळी. पायी धावणाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात तांब्याच्या घुंगरांची काठी असे. घुंगरांचा आवाज ऐकला की पुढच्या चौकीवरचा माणूस कंबर कसून उभा राहायचा. याच मार्गाने आपल्या दौलताबादेस सुलतानासाठी गंगेचे पाणी येत असे, आणि ते अंतर ४० दिवसांच्या प्रवासाचे होते, असेही तो लिहितो.

या यंत्रणेतली कल्पना लक्षात घ्या. निरोप छोटा ठेवायचा, टप्पे ठरवायचे आणि पुढचा माणूस तयार आहे याची आधी खात्री करून घ्यायची. पुढे विजेची तार आली. हिंदुस्थानात १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तारेची पहिली ओळ टाकली गेली. तारेत शब्दागणिक पैसे मोजावे लागत, त्यामुळे लोक कमी शब्दांत पूर्ण अर्थ सांगायला शिकले. मग टंकयंत्रासारखी टेलिप्रिंटर यंत्रे आली. इकडे अक्षर दाबले की तिकडे कागदावर उमटायचे.

मग एकाने विचार केला की तारेच्या पलीकडच्या टोकाला माणसाऐवजी गणित करणारे यंत्रच बसवले तर? ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेत जॉर्ज स्टिबिट्झ यांनी हे करून दाखवले. त्यांचे गणनयंत्र न्यू यॉर्कमध्ये होते आणि गणितज्ञांची परिषद न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हर या गावी. परिषदेतल्या लोकांनी टेलिटाइपवर गणित टंकले, ते तारेने न्यू यॉर्कला गेले आणि काही क्षणांत उत्तर कागदावर उमटले. दूरच्या यंत्राला लिहून हुकूम देण्याचा हा पहिला जाहीर प्रयोग.

एक तलाव, अनेक पाळ्या

आता महाराष्ट्रात येऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशी बनावटीचा संगणक तयार झाला. तो १९६० मध्ये चालू झाला, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. १९६४ मध्ये याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकन संगणक आला. देशभरातल्या संशोधकांना तो वापरायचा असे. प्रोग्राम भोके पाडलेल्या कार्डांवर लिहिला जाई. कार्डांचे गठ्ठे घेऊन लोक मुंबईला येत, गठ्ठा खिडकीत देत आणि वाट बघत बसत. एका कार्डावर एखादे भोक चुकले तर सगळे काम परत यायचे. दुरुस्ती करायची आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे. तेव्हा तर सगळ्या हिंदुस्थानचीच सावली झाली होती. यंत्र एक, तेही लांब, आणि गरजू अनेक.

अमेरिकेतही हीच रांग होती. तिच्यावर उपाय एमआयटी या विद्यापीठात फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये दाखवला. आमच्या पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्याला तो उपाय एका शब्दात समजेल: पाळी. इथे मालगुजारांच्या काळातले तलाव आहेत, ज्यांना आपण ‘मामा तलाव’ म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. सावली तालुक्यात आसोलामेंढ्याचा मोठा जलाशयही आहे. पाणी एकच, बांध्या अनेक. ज्याच्या धानाला पाणी हवे त्याने आपल्या पाळीला पाट उघडायचा आणि वेळ संपली की पुढच्याला द्यायचा. संगणकाने हेच केले, मात्र त्याची पाळी सेकंदाच्या लहानशा भागाची होती. तो प्रत्येक माणसाचे थोडे काम करून पुढच्याकडे वळतो, आणि इतक्या वेगाने वळतो की प्रत्येकाला वाटते, यंत्र फक्त माझेच आहे. याला ‘टाइम-शेअरिंग’ म्हणतात. एका यंत्रावर अनेक लोक आले, तेव्हा कोणाची फाइल कोणाची हे ओळखणे भाग पडले. म्हणून संगणकाचा पासवर्डही याच यंत्रणेत आला.

माणसाने लिहिलेली ओळ वाचून ती यंत्राला समजावून सांगणाऱ्या प्रोग्रामला ‘शेल’ हे नाव फ्रान्सच्या लुई पुझँ यांनी १९६०च्या दशकात याच काळात दिले. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही यंत्रणा सुरू केली. आजचा लिनक्स तिच्याच वळणाचा आहे आणि अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच बसलेला आहे.

युनिक्सचे हुकूम इतके तुटक का, असे नवशिका नेहमी विचारतो. यादी दाखवायला ‘एलएस’, नक्कल करायला ‘सीपी’, हलवायला ‘एमव्ही’. कारण साधे आहे. तेव्हाचे टेलिटाइप यंत्र सेकंदाला १० अक्षरे छापायचे आणि त्याच्या कळा बोटांना जड जायच्या. लांबलचक शब्द कोण टंकणार? ‘पीडब्ल्यूडी’ हा हुकूम बघून आमच्याकडची मुले हसतात, कारण त्यांना बांधकाम विभाग आठवतो. संगणकात त्याचा अर्थ ‘मी सध्या कोणत्या फोल्डरमध्ये उभा आहे ते सांग’ एवढाच. आणि हा पीडब्ल्यूडी विचारल्याबरोबर उत्तर देतो! आजही लिनक्समध्ये टर्मिनलला ‘टीटीवाय’ म्हणतात. ते टेलिटाइपचेच संक्षिप्त रूप. यंत्र भंगारात गेले, नाव राहिले.

मुंबईची बारीक तार

आपल्याकडे ही दूरची वाट कशी उघडली? १९८६ मध्ये केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या मदतीने ‘अर्नेट’ हे शिक्षण-संशोधनाचे जाळे सुरू झाले. पाच आयआयटी, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईतल्या जुहूचे ‘एनसीएसटी’, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, असे त्याचे आठ आधार होते. एनसीएसटीचे प्रमुख डॉ. एस. रमणी होते. सुरुवातीला जुहूची ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनच्या डायलवरून ईमेलची देवाणघेवाण झाली. १९८९ मध्ये एनसीएसटीपासून अमेरिकेपर्यंत कायमची ओळ मिळाली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता.

हा आकडा जरा उलगडून पाहू. एका इंग्रजी अक्षराला आठ बिट धरले तर सेकंदाला १,२०० अक्षरे, म्हणजे मिनिटाला ७२,०००. आज मोबाइलने काढलेला दोन मेगाबाइटचा एक फोटो त्या तारेवरून जायला जवळजवळ अर्धा तास लागला असता. पण ४० अक्षरांचा एक हुकूम? सेकंदाचा तिसावा भाग. फोटोला अपुरी पडणारी तार लिहिलेल्या शब्दाला भरपूर पुरते. देशातल्या संगणकशास्त्राच्या एका पिढीचा जगाशी संपर्क या बारीक तारेवरून झाला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेही आधी महानगरांत. त्या काळात विद्यार्थ्यांना परवडणारे खाते ‘शेल अकाउंट’ होते. मोडेम करकरायचा, फोन निगमच्या संगणकाला लागायचा आणि पडद्यावर फक्त अक्षरे यायची. ‘पाइन’मध्ये ईमेल वाचायचे, ‘लिंक्स’ या ब्राउझरमध्ये चित्रांशिवाय पाने बघायची. म्हणजे ही मुले घरच्या यंत्रावर काम करतच नव्हती. त्यांचे काम दूरच्या युनिक्स यंत्रावर चालले होते. घरचा संगणक केवळ खिडकी होता.

आणि आमचा भाग? १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने १९८०च्या दशकात उपग्रहाद्वारे जिल्हा मुख्यालये जोडायला घेतली. जंगलातून तार ओढण्यापेक्षा आकाशातून बोलणे सोपे होते. गडचिरोली जिल्हा तर तेव्हा नुकताच, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपुरातून वेगळा झाला होता. पण हे जाळे सरकारी कामाचे होते. जिल्ह्याची माहिती वर जायची आणि वरचा हुकूम खाली यायचा. तालुक्याच्या शाळेतल्या मुलीने स्वतः एक ओळ लिहून दूरच्या यंत्राला काम सांगावे, असा त्याचा उद्देश नव्हता. सातशे वर्षांपूर्वीच्या टपालासारखेच ते होते: हुकूम द्यायचा अधिकार एका टोकाला, आणि ऐकायचे काम दुसऱ्या टोकाला.

कुलूप आणि सिफर

बारीक तारेवर आणखी एक धोका होता. जुन्या ‘टेलनेट’ पद्धतीत पासवर्ड उघडा जायचा. वाटेत कोणी कान लावून बसला तर त्याला सगळे कळायचे. १९९५ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात असे पासवर्ड चोरले गेले. तिथल्या तातू युलोनेन या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून ‘एसएसएच’, म्हणजे ‘सुरक्षित शेल’, हा प्रोग्राम लिहिला आणि जुलै १९९५ मध्ये सर्वांना मोफत दिला. भारतात इंटरनेट खुले झाले त्याच्या एक महिना आधी.

गुप्त लिपीच्या या कहाणीत आपल्या वाचकांना जवळची वाटतील अशी दोन नावे आहेत. नवव्या शतकात बगदादला अल-किंदी होऊन गेला. गुप्त लिपीतल्या मजकुरात कोणते चिन्ह किती वेळा येते ते मोजा, भाषेतल्या नेहमीच्या अक्षरांशी ताडून बघा, म्हणजे लिपी फुटते, हे त्याने लिहून ठेवले. या पद्धतीचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने विवेचन त्याचे आहे. त्याच शहरात अल-ख्वारिझ्मीने हिंदी अंकांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाच्या लॅटिन उच्चारातून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. आपल्या ‘शून्य’चे अरबी भाषांतर ‘सिफ्र’, त्यातून उर्दूतले सिफर आणि युरोपातले ‘सायफर’, म्हणजे गुप्त लिपी. भारताने शून्य दिले, बगदादने ते पुढे नेले, युरोपने त्याचे कुलूप बनवले. ‘कुलूप’ हा मराठी शब्दही अरबी ‘कुफ्ल’वरूनच आला आहे.

यात ‘ते आमचेच होते’ अशी बढाई मारण्यासारखे काही नाही. अल-ख्वारिझ्मीने आपल्या ग्रंथात अंकांचे श्रेय हिंदुस्थानला दिले. विद्या अशी हातोहात जाते, आणि हे जो मान्य करतो त्याच्याच हाती ती टिकते. ‘संगणक हे आपल्यासारख्यांचे काम नाही’ असे जे आमच्या पोरांना सांगतात, त्यांना एवढेच विचारावे, की मग हा शब्द कोणाच्या नावावरून आला?

सावलीत मांडणी कशी करायची

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. गेल्या काही वर्षांत मी इथल्या चार-सहा मुलामुलींना हे शिकवले आहे. त्यातल्या एकीला शहरातल्या एका क्लासने ‘आधी लॅपटॉप घ्या, मग या’ असे सांगून परत पाठवले होते. तिच्या घरात एक जुना अँड्रॉइड फोन होता. काम त्यावरच सुरू झाले.

पहिली पायरी, फोनवर ‘टर्मक्स’ हे मोफत ॲप. ते उघडले की काळा पडदा येतो आणि लुकलुकणारी खूण. हेच शेल. त्यात ‘ओपनएसएसएच’ आणि ‘गिट’ ही दोन हत्यारे बसवायची. साधा ब्लूटूथ किंवा वायरचा कीबोर्ड मिळाला तर बोटांचे कष्ट वाचतात, पण त्याच्यावाचून अडत नाही.

दुसरी पायरी, किल्ल्यांची जोडी. ‘एसएसएच-कीजेन’ हा हुकूम दिला की दोन फाइली तयार होतात. एक खासगी, एक सार्वजनिक. सार्वजनिक फाइल म्हणजे असे कुलूप समजा की ते कोणालाही द्यावे, कुठल्याही दाराला लावावे. ते उघडणारी खासगी किल्ली मात्र आपल्या फोनमधून बाहेर जाऊ द्यायची नाही. मित्राला नाही, मास्तरालाही नाही. मी शिकवताना पहिल्याच दिवशी सांगतो, की तुमची खासगी किल्ली मला दाखवली तर ती मोडून नवी करायची. किल्लीला वेगळा परवलीचा शब्दही लावायचा, कारण फोन हरवू शकतो.

तिसरी पायरी, दूरचे यंत्र. काही कंपन्या दरमहा ठरावीक तास मोफत देतात. छोटा लिनक्स सर्व्हर भाड्याने घ्यायचा तर महिन्याला काही शे रुपये पडतात. चार-पाच जणांनी मिळून एकच घ्यावा आणि प्रत्येकाने आपले वेगळे खाते ठेवावे. पाळीच्या पाण्याचा हिशेब इथेही चालतो. सार्वजनिक कुलूप त्या यंत्रावर लावले की मग ‘एसएसएच’ लिहायचे, पुढे आपले नाव आणि यंत्राचा पत्ता. पहिल्या वेळी यंत्र स्वतःची ओळख सांगते आणि ‘विश्वास ठेवू का?’ असे विचारते. ती ओळख ताडून बघूनच ‘हो’ म्हणायचे.

चौथी पायरी सगळ्यांत महत्त्वाची, कारण ती आमच्या भागासाठी आहे. पावसात इथे वीज जाते आणि नेटवर्क येते-जाते. नदीपलीकडे गडचिरोलीच्या आतल्या गावांत तर टॉवर शोधत टेकडीवर चढावे लागते. अशा वेळी एसएसएचची ओळ तुटते आणि अर्धे काम हवेत राहते. त्यावर इलाज ‘टीमक्स’. हा प्रोग्राम दूरच्या यंत्रावर चालतो आणि आपले काम धरून ठेवतो. फोन बंद पडला, दोन तासांनी वीज आली, पुन्हा जोडले, की जिथे सोडले होते तीच ओळ समोर असते. दुसरा इलाज ‘मॉश’. तो २०१२ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी मांडला, तुटक्या जोडणीसाठीच. नेटवर्क बदलले, पत्ता बदलला तरी तो जोडणी सोडत नाही, आणि उत्तर यायला उशीर लागला तरी टंकलेले अक्षर लगेच दाखवतो. विजेच्या आणि नेटवर्कच्या नावाने बोटे मोडण्यापेक्षा ही दोन हत्यारे शिकणे चांगले.

पाचवी पायरी ‘गिट’. लिनस टॉर्वाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते लिहिले. केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ते ठेवते आणि सगळ्या नोंदवहीची पूर्ण नक्कल प्रत्येकाच्या यंत्रावर राहते. दूरचा सर्व्हर उद्या बंद झाला तरी आपले काम आपल्या फोनमध्ये शाबूत.

हुकूम कोणत्या भाषेत?

एक तक्रार खरी आहे. हे सगळे हुकूम इंग्रजी आद्याक्षरांचे आहेत आणि कित्येक टर्मिनलमध्ये देवनागरी जोडाक्षरे अजून वेडीवाकडी दिसतात. ज्या मुलीचे शिक्षण मराठी शाळेत झाले आणि जिच्या घरात दखनी वळणाची उर्दू बोलतात, तिच्यापुढे ही तिसरी भिंत.

पण ती वाटते तितकी उंच नाही. सुरुवातीला वीस-पंचवीस हुकूम पुरतात, आणि ते इंग्रजी भाषा म्हणून नव्हे, हत्यारांची नावे म्हणून शिकायचे. गवंडी ‘लेव्हल’ म्हणतो, मेकॅनिक ‘स्पॅनर’ म्हणतो, त्यासाठी इंग्रजीची परीक्षा देत नाही. शिवाय १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही पद्धत आखल्यापासून मराठी, उर्दू, गोंडी सगळ्यांना एकाच फाइलमध्ये जागा झाली आहे. पायथन या भाषेत २००८ पासून नावे देवनागरीतही ठेवता येतात. ‘बेरीज’, ‘धान’, ‘भाव’ अशी नावे देऊन मुलांनी पहिला प्रोग्राम लिहिला, तेव्हा त्यांची भीती निम्मी झाली. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यामागेही हाच प्रश्न होता: हुकमाची भाषा कोणती? कोशातले संस्कृत शब्द काही चालले, काही मागे पडले; अर्ज आणि हुकूम लोकांच्या तोंडी राहिलेच. भाषा वापराने ठरते. आपण या यंत्रांवर मराठीत लिहू, तर मराठी तिथे राहील.

यंत्र कोणाचे?

शेवटी या गावाच्याच इतिहासातला एक प्रश्न. १९३६ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चच्या आरंभी सावलीत गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले होते. किशोरलाल मशरूवाला संघाचे अध्यक्ष होते आणि स्वतः गांधीजी इथे राहून चर्चेत भाग घेत होते. सावली तेव्हा खादीच्या कामाचे ठिकाण होते. त्यानंतर दोनच महिन्यांनी गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. खेड्यातल्या हातांना काम कसे मिळेल, हा तेव्हाचा ध्यास होता. गांधीजींचा विरोध यंत्राला नव्हता. चरखाही यंत्रच, आणि शिलाई मशीनचे तर त्यांनी कौतुक केले होते. यंत्र कोणाच्या हातात राहते आणि माणसाला मोकळे करते की बांधून टाकते, एवढेच त्यांना बघायचे होते.

ही कसोटी आजच्या मांडणीला लावली, तर एक गोष्ट सरळ मान्य करावी लागते. चरखा घरात असतो. दूरचा संगणक आपला नसतो. तो कोणा कंपनीचा, कुठल्यातरी शहरातला. आज मोफत आहे, उद्या भाडे वाढेल, परवा खाते बंदही होईल. पाळीचे पाणी मिळते आहे, पण तलाव दुसऱ्याचा आहे.

म्हणूनच ही मांडणी या रीतीने शिकावी असा माझा आग्रह आहे. किल्ली आपल्या फोनमध्ये, कामाची पूर्ण नक्कल आपल्याकडे, फाइली साध्या अक्षरांच्या, आणि हत्यारे सगळी मुक्त, ज्यांना कोणाच्या परवान्याची गरज नाही. एक मालक दार लावू लागला तर सार्वजनिक कुलूप दुसऱ्या यंत्रावर लावायचे, गिटमधून काम उतरवायचे आणि तासाभरात पुढे चालू करायचे. उद्या गावातल्या ग्रंथालयात, शाळेत किंवा मशिदीच्या अभ्यासिकेत एक जुना संगणक लिनक्स घालून ठेवला, तर तोच गावाचा सर्व्हर होऊ शकतो. हुकूम तेच राहतात, फक्त तलाव आपला होतो.

ज्या मुलीला क्लासने परत पाठवले, ती आता धान खरेदीच्या नोंदी तपासणारा एक छोटा प्रोग्राम लिहिते आहे. वजन गुणिले भाव बरोबर येतो की नाही, एवढेच तो बघतो. तिच्या वडिलांच्या पावतीपासून तिने सुरुवात केली. ती पुण्याला जाईल की इथेच राहील, हे मला ठाऊक नाही, आणि ते मी ठरवायचेही नाही. पण जायचे असेल तर ती काम शोधत नव्हे, काम हातात घेऊन जाईल. आणि राहायचे असेल तर वैनगंगेच्या काठावरून तिची एक ओळ जगातल्या कुठल्याही यंत्रापर्यंत पोहोचेल. इतकी वर्षे हुकूम वरून खाली येत होता. आता तो इथूनही निघतो.